शहराचा वाढदिवस

माणसाचा जन्म ही एका क्षणाची गोष्ट असते. त्या क्षणाला साक्षीदार असतात. पूर्वी घरचा ज्योतिषी घटका-पळे मांडून ठेवी, आता नगरपालिकेच्या नोंदवहीत तारीख आणि वेळ चढते. त्यामुळे एखाद्याची साठी किंवा पंचाहत्तरी केव्हा करावयाची, याविषयी सहसा वाद होत नाही. शहराची गोष्ट मात्र निराळी आहे. कोणतेही शहर एका सकाळी जन्माला येत नाही. आधी नदीचा उतार असतो, मग नावाड्यांच्या चार झोपड्या, मग आठवड्याचा बाजार, एखादे देऊळ, एखादी वखार. या साऱ्यांतून केव्हातरी गावाचे शहर झालेले असते, आणि ते नेमके केव्हा झाले हे त्या वेळी तेथे राहणाऱ्यांना कळलेलेही नसते. असे असूनही शहरांचे वाढदिवस साजरे होतात, शताब्द्या आणि त्रिशताब्द्या होतात, कमानी उभारल्या जातात, तिकिटे छापली जातात. तेव्हा पहिला प्रश्न असा की, ही तारीख ठरवितो कोण? आणि दुसरा, मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा की, ती ठरल्यावर त्या दिवशी शहरात राहणाऱ्या माणसांनी करावयाचे काय?

हा उद्योग नवा नाही. रोमन लोक आपल्या नगरीचा वाढदिवस २१ एप्रिलला मानीत. वास्तविक तो मेंढपाळांच्या एका जुन्या सणाचा दिवस. नगरीच्या स्थापनेचे वर्ष कोणते यावर खुद्द रोमन पंडितांतच एकमत नव्हते. पुढे व्हॅरो या विद्वानाच्या नावावर असलेली गणना मान्य झाली आणि इसवी सनापूर्वी ७५३ हे वर्ष कायम झाले. बादशहा क्लॉडियस याने इसवी सन ४७ मध्ये नगरीची आठशे वर्षे साजरी केली. त्या प्रसंगी भालदार ललकारत फिरला की, कोणा जिवंत माणसाने पूर्वी पाहिला नाही आणि पुढे पाहणार नाही असा हा सोहळा पाहावयास या! लोक हसू लागले. कारण ऑगस्टसने असाच सोहळा केवळ ६३ वर्षांपूर्वी केला होता आणि तो पाहिलेली म्हातारी माणसे गर्दीत उभी होती. इतकेच काय, त्या वेळी रंगभूमीवर उतरलेले काही नट याही वेळी उतरले. स्विटोनियस या चरित्रकाराने हा किस्सा नोंदवून ठेवला आहे. पुढे २४८ साली फिलिप या बादशहाने सहस्रवार्षिक उत्सव केला, दूरदेशीची जनावरे आणून खेळ केले, आणि पुढच्याच वर्षी तो मारला गेला. राज्यकर्त्याला शहराचा वाढदिवस हवा असतो तो बहुधा स्वतःच्या पायाखालची जमीन हलू लागली असताना, असे मला वाटते. पण तो विषय मोठा आहे. आज आपण आपल्याच देशातील दोन शहरांचा विचार करू. कलकत्ता आणि मद्रास, म्हणजे आजची कोलकाता आणि चेन्नई. दोघींचेही मानलेले वाढदिवस ऑगस्टातले, अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने येणारे. दोघींचाही जन्म इंग्रज व्यापाऱ्यांच्या दप्तरात नोंदलेला. परंतु एकीचा वाढदिवस न्यायालयाने रद्द केला, आणि दुसरीचा रहिवाशांनी घराघरांत नेला.

प्रथम कलकत्ता. ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक नावाचा एक गुमास्ता होता. हुगळीच्या मोगल अंमलदाराशी कंपनीचे बिनसले, लढाई झाली, इंग्रजांना बंगाल सोडून जावे लागले. चार्नॉक आपल्या माणसांसह मद्रासेस जाऊन राहिला. पुढे औरंगजेबाशी तह झाला, बंगालच्या सुभेदाराने परत बोलाविले, आणि २४ ऑगस्ट १६९० रोजी भर दुपारी चार्नॉक हुगळी नदीच्या काठी सुतानुटी येथे उतरला. ही त्याची तेथली तिसरी खेप होती. कंपनीच्या त्या दिवसाच्या नोंदीत शहर वसविल्याचा कसलाही डौल नाही. जागेची दुर्दशा झालेली आहे, राहावयास काही उरलेले नाही आणि पाऊस रात्रंदिवस कोसळतो आहे, एवढीच तक्रार आहे. मला ही नोंद फार आवडते. महानगराच्या तथाकथित जन्माचा पहिला उद्गार म्हणजे छप्पर गळत असल्याची तक्रार!

आता नीट पाहा. चार्नॉक जेथे उतरला त्या जागेला नाव होते. सुतानुटी हे नाव इंग्रजांनी ठेवलेले नाही. सूत आणि कापड यांचा तेथे बाजार भरत असे. सरस्वती नदी गाळाने भरली आणि सप्तग्रामचे जुने बंदर निकामी झाले, तेव्हा शेठ आणि बसाक घराण्यांतील कापडाचे व्यापारी इकडे आले होते. शेजारी गोविंदपूर होते आणि मध्ये कालिकाता. अबुल फझलने अकबराच्या काळी 'आईन-ए-अकबरी'त सातगाव सरकारातील महालांची यादी दिली आहे, तीत कलकत्त्याचे नाव आहे. म्हणजे चार्नॉकच्या आधी सुमारे शंभर वर्षे. ज्याच्या नावाने जन्माचा दाखला काढावयाचा, त्याचे नाव दाखल्याच्या आधीच रूढ होते. चार्नॉक तर उतरल्यावर अडीच वर्षांच्या आत मरण पावला. सुतानुटी, कालिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांच्या जमीनदारीचे हक्क कंपनीला मिळाले ते १६९८ च्या नोव्हेंबरात, सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून, १,३०० रुपयांत. तोवर चार्नॉकच्या कबरीवर पाच-सहा पावसाळे गेले होते.

मग तोच संस्थापक कसा ठरला? याचे उत्तर साधे आहे. वसाहतीच्या काळात इतिहास इंग्रजांनी लिहिला, आणि प्रत्येक शहराला एक इंग्रज पिता असावा असे लिहिणाराला वाटले. दप्तर त्यांच्यापाशी होते. सुतानुटीच्या विणकराने रोजनिशी लिहिली नाही. पहिली तारीख ज्याच्या वहीत सापडली, तो संस्थापक.

येथे एक आडवाट घेतो, कारण तिच्यात आपलाही संबंध येतो. या शहराच्या हद्दीची एक रेघ आपल्या पूर्वजांच्या धास्तीने ओढली गेली आहे. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य १७४२ साली भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरले, तेव्हा कलकत्त्याच्या देशी रहिवाशांनी कंपनीची परवानगी मागितली आणि स्वतःच्या खर्चाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. त्याला 'मराठा डिच' म्हणत. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल काम झाले. मग मराठे कलकत्त्यापर्यंत येत नाहीत असे दिसू लागले, आणि काम अर्ध्यावर राहिले. तो खंदक पुढे अनेक वर्षे घाण साठविण्यापलीकडे उपयोगी पडला नाही. १७९९ च्या सुमारास त्याचा बराचसा भाग बुजवून वर सर्क्युलर रोड काढण्यात आला. आज त्या रस्त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची नावे आहेत. बंगालात आपल्या स्वाऱ्यांची आठवण 'बर्गी' या शब्दाने ठेवली गेली आणि ती गोड नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पण शहराच्या जन्माविषयी हा खंदक चार्नॉकच्या नोंदीपेक्षा मला जास्त बोलका वाटतो. ज्या लोकांनी वर्गणी काढून, कुदळी मारून आपल्या वस्तीभोवती कड आखली, त्यांना आपण एका गावचे आहोत ही जाणीव झालेली होती. १७४२ हे वर्ष वाढदिवस म्हणून कोणी सुचविलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

१९९० मध्ये कलकत्त्याची तीनशे वर्षे साजरी झाली. राज्यावर सरकार डाव्या आघाडीचे, आणि उत्सव एका साम्राज्यवादी कंपनीच्या गुमास्त्याच्या आगमनाचा. विसंगती उघड होती, तरी उत्सव झाला. त्यातून चांगलेही निघाले. सुकांत चौधुरी यांनी संपादिलेले कलकत्त्यावरचे दोन मोठे खंड त्याच वर्षी आले. शहरातील रस्ते, छापखाने, नाटक, दंगली, पाणीपुरवठा यांवर अनेकांनी एकत्र येऊन लिहिले. तारीख लटकी असली तरी तिच्या निमित्ताने झालेले काम लटके असतेच असे नाही.

पुढे सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या वंशजांची परिषद आणि इतर काही मंडळी उच्च न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे असे की, चार्नॉकला संस्थापक म्हणणे आणि २४ ऑगस्ट हा शहराचा जन्मदिवस मानणे ऐतिहासिक दृष्ट्या खोटे आहे. न्यायालयाने इतिहासकारांची पाच जणांची समिती नेमली. निमाईसाधन बोस तिचे प्रमुख होते, बरुण डे यांच्यासारखे अभ्यासक तीत होते. समितीचा अहवाल आला आणि १६ मे २००३ रोजी निर्णय झाला. चार्नॉक हा संस्थापक नव्हे, आणि या शहराला कोणतीही एक जन्मतारीख नाही. सरकारी कागदपत्रांतून आणि पाठ्यपुस्तकांतून तो उल्लेख काढून टाकावा.

इतिहास म्हणून हा निर्णय मला बरोबर वाटतो. पण दोन गोष्टी खटकतात. इतिहासाचा निवाडा न्यायालयात व्हावा ही सवय चांगली नव्हे. या प्रकरणी न्यायाधीशांनी इतिहासकारांना विचारले हे त्यांचे शहाणपण, पण प्रत्येक वेळी तसेच होईल अशी हमी कोणी द्यावी? दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. एका संस्थापकाला खाली उतरविले की, रिकाम्या चौथऱ्यावर दुसऱ्याला चढविण्याचा मोह होतो. तीन गावांचे हक्क ज्यांच्याकडे होते ते जमीनदार घराणे, सूत विकणारे शेठ, कालीघाटाचे यात्रेकरू, जंगल तोडणारे मजूर यांपैकी कोणीही एकटा त्या शहराचा पिता ठरत नाही. समितीने हेच सांगितले आणि न्यायालयाने ते मानले, हे त्या निर्णयाचे खरे मोल आहे. मात्र त्यामुळे व्यवहारात असे झाले की, वाढदिवस गेला आणि त्याच्या जागी सर्वांनी मिळून शहर आठवावे असा दुसरा दिवस काही आला नाही.

आता मद्रासकडे वळू. चार्नॉक जेथून निघून कलकत्त्याला आला ते हे शहर, त्याच्याहून पन्नास वर्षांनी वडील. फ्रान्सिस डे हा कंपनीचा माणूस कोरोमंडल किनाऱ्यावर स्वस्त कापड आणि सोयीची जागा शोधीत फिरत होता. विजयनगरचे साम्राज्य मोडकळीस आले होते, राजा चंद्रगिरीला होता, आणि या किनाऱ्यावर दामर्ला वेंकटाद्री नायकाची सत्ता चालत असे. त्याने इंग्रजांना कौल दिला. मद्रासपट्टण येथे किल्ला बांधावा, दोन वर्षे तेथला सारा वसूल कंपनीने घ्यावा, पुढे निम्मा आपला निम्मा त्यांचा, असा तो व्यवहार. दुभाष्याचे काम बेरी तिम्मप्पा याने केले. नायकाच्या पित्याचे नाव चेन्नप्पा, त्यावरून नव्या वस्तीला चेन्नपट्टण म्हणू लागले. दिवस मानला जातो तो २२ ऑगस्ट १६३९.

मानला जातो असे म्हणण्याचे कारण आहे. कौलाच्या ज्या प्रती दप्तरात आहेत, त्यांवर तारीख जुलैची आहे. २२ जुलै. पण डे स्वतः मद्रासपट्टणास पोचला तोच मुळी २७ जुलैच्या सुमारास. न आलेल्या माणसाला कौल कसा मिळेल? म्हणून अभ्यासकांनी नकलकाराची चूक धरून जुलैचा ऑगस्ट केला. आणखी एक खोच आहे. त्या काळी इंग्रज जुने ज्युलियन पंचांग वापरीत. ते आजच्या पंचांगाच्या दहा दिवस मागे होते, आणि इंग्लंडने नवे पंचांग स्वीकारले ते १७५२ साली. त्या हिशेबाने २२ ऑगस्टचा १ सप्टेंबर होतो आणि कलकत्त्याच्या २४ ऑगस्टचा ३ सप्टेंबर. ज्या दिवशी मद्रासला फुलांच्या माळा लागतात, त्या दिवशी सूर्य, ऋतू आणि ग्रह यांच्या हिशेबाने दहा दिवस शिल्लक असतात! पण ज्या देशात एकेका सणाच्या दोन-दोन तिथी पाळल्या जातात, तेथे एवढ्यावरून कोणी अडून बसणार नाही.

कौलातच मद्रासपट्टण हे नाव आहे, म्हणजे येथेही गाव आधीचे. आजच्या शहराच्या पोटात तर त्याहून पुष्कळ जुनी गावे आहेत. तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरात पल्लव राजा दंतिवर्मन याचा शिलालेख आहे, म्हणजे साधारण बाराशे वर्षांचा. मैलापूर तर प्राचीन बंदर. पोर्तुगीजांचे सान थोमे इंग्रजांच्या आधी शंभर वर्षांहून अधिक काळ तेथे वसलेले. आणि पल्लावरमला १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना अश्मयुगातली दगडी हत्यारे सापडली. वाढदिवस मोजावयाचा तर तो कोठून मोजणार?

मद्रासचे आणि महाराष्ट्राचे पहिले गाठीभेटीचे प्रकरणही याच शतकातले. शिवाजी महाराज १६७७ च्या कर्नाटक स्वारीत मद्रासच्या आसपास आले, तेव्हा त्यांच्याकडून कंपनीकडे पत्र आले. काही औषधी द्रव्ये आणि विषावरचे उतारे पाठवावेत, किंमत देऊ. मद्रासच्या इंग्रजांनी जिन्नस पाठविले, वर फळे पाठविली, आणि किंमत घेतली नाही. उदारपणाचे कारण तेव्हाच्या किल्ल्याची तटबंदी पाहिली की समजते.

मद्रासची तीनशे वर्षे १९३९ मध्ये भरली, तेव्हा विद्वानांनी एक जाडजूड स्मारकग्रंथ काढला. ग्रंथ चांगला आहे, पण तो ग्रंथालयात राहिला. खरी गंमत पुढे आहे. १९९६ मध्ये शहराचे नाव चेन्नई झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, २००४ साली, एस. मुथय्या हे ज्येष्ठ पत्रकार आणि त्यांचे दोन स्नेही, शशी नायर आणि व्हिन्सेंट डिसूझा, यांनी दर वर्षी २२ ऑगस्टला 'मद्रास डे' पाळावयाचे ठरविले. मुथय्या १९९१ पासून 'मद्रास म्युझिंग्ज' नावाचे एक पाक्षिक चालवीत होते आणि शहराच्या जुन्या वास्तूंसाठी लिहीत-भांडत होते. त्यांच्यामागे ना सरकारचे अनुदान होते, ना कोणा मोठ्या समितीचे पाठबळ.

त्यांनी एक गोष्ट केली, किंवा खरे तर केली नाही. त्यांनी उत्सव स्वतःच्या ताब्यात ठेवला नाही. ज्याला जे करावेसे वाटेल ते त्याने आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत, आपल्या वाचनालयात करावे आणि फक्त कळवावे, म्हणजे यादीत नाव घालू, असा साधा नियम ठेवला. पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कार्यक्रम झाले. मग दिवसाचा आठवडा झाला, आणि आता जवळजवळ सारा ऑगस्ट महिना कार्यक्रम चालतात. कोणी सकाळी सहाला वीस माणसांना घेऊन किल्ल्याभोवती फिरवितो. कोणी जुनी नाणी आणि टपाल तिकिटे मांडतो. शाळांतून प्रश्नमंजूषा होतात. कोणी आपल्या पेठेतील उपाहारगृहांच्या इतिहासावर बोलतो आणि शेवटी श्रोत्यांना तेथेच नेऊन खाऊ घालतो. हा शेवटचा प्रकार आपल्याकडच्या व्याख्यानमालांनी विचारात घेण्यासारखा आहे.

या भ्रमंतीत काय दिसते ते ऐका. किल्ल्याबाहेरचे देशी लोकांचे मूळ 'ब्लॅक टाउन' जेथे होते, तेथे आज उच्च न्यायालयाची इमारत आहे. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास घेतले, त्यानंतरच्या धामधुमीत ती वस्ती पाडली गेली आणि लोक उत्तरेकडे सरकले. नव्या वस्तीलाही तेच नाव चिकटले, आणि पुढे पंचम जॉर्जच्या नावावरून ती जॉर्ज टाउन झाली. त्याच न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीत एक पाटी आहे. पहिल्या महायुद्धात २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन लढाऊ जहाजाने शहरावर तोफगोळे टाकले, त्याची ती खूण. चिंताद्रिपेट ही पेठ १७३४ मध्ये विणकर आणून वसविली, कारण कंपनीला कापड हवे होते. तिच्या नावातच लहानशा मागाचा उल्लेख आहे. रोज त्या पेठेतून कचेरीला जाणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसते. एकदा कळले की त्याला ती गल्ली पूर्वीसारखी दिसत नाही.

या उत्सवावर आक्षेपही आहेत, आणि ते पोकळ नाहीत. एक असा की, परकीय कंपनीच्या जमीनखरेदीचा दिवस आपण का पाळावा? मैलापूरच्या प्राचीन बंदराचे काय? दुसरा असा की, हा प्रारंभी इंग्रजी वाचणाऱ्या सुखवस्तू लोकांचा छंद होता. बंगले आणि क्लब यांचा इतिहास सांगितला गेला, पण उत्तर मद्रासच्या कोळीवाड्यांचा आणि कामगारवस्त्यांचा सांगितला गेला नाही. पहिल्या आक्षेपाला मी असे उत्तर देईन की, तारीख ही भिंतीतली खुंटी समजावी. खुंटी कोणी ठोकली यापेक्षा तिला आपण काय अडकवितो हे पाहावे. आता त्या आठवड्यात पल्लवांच्या शिलालेखांवरही व्याख्याने होतात आणि फूटच्या दगडी हत्यारांवरही, आणि त्यांना कोणी १६३९ च्या आधीची म्हणून अडवीत नाही. दुसऱ्या आक्षेपाला मात्र वादाने उत्तर देता येत नाही. ज्या वस्तीचा इतिहास राहिला असेल, त्या वस्तीने तो सांगावयास उभे राहावे आणि बाकीच्यांनी तेथे चालत जावे, एवढाच इलाज आहे. तमिळमधील कार्यक्रम पुढे वाढले, ते याच वाटेने.

मुथय्या २०१९ साली वारले. उत्सव थांबला नाही. तो एका माणसाचा किंवा एका खात्याचा असता, तर थांबला असता.

श्रोतेहो, आपल्या महाराष्ट्राकडे पाहिले तर या बाबतीत मोठी गमतीची स्थिती आहे. मुंबईला वाढदिवसच नाही. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाचा १६६१ चा करार, बेट कंपनीच्या हवाली झाल्याचे १६६८ साल, अशा तारखा आहेत. पण हुंड्यात दिले गेल्याचा दिवस कोणते शहर आनंदाने साजरा करील? शिवाय वाळकेश्वर आणि घारापुरी त्या कराराच्या कितीतरी आधीची. पुण्याजवळ तारखा आहेत त्या एकीपेक्षा अधिक. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्याचा निर्देश आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची. महानगरपालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला. एक तारीख दान देणाऱ्या राजाची, दुसरी पेशव्यांची, तिसरी सरकारी राजपत्राची. तिन्हींपैकी कोणत्याही दिवशी पुणे जन्मले नाही.

आपल्या लहानमोठ्या गावांतही अधूनमधून अशी टूम निघते की, गावाचा स्थापनादिन शोधून काढावा आणि मोठा सोहळा करावा. मग कोणी ताम्रपट काढतो, कोणी संताच्या आगमनाची तिथी सांगतो, कोणी सरदाराच्या वाड्याचा शिलालेख पुढे करतो, आणि तारखेच्या वादातच उत्साह संपतो. वादामागे बहुधा हीच इच्छा असते की, संस्थापक आपल्या आळीतला निघावा. माझी सूचना अशी आहे की, स्थापनेचा दिवस शोधण्याच्या भानगडीत पडूच नये. साधा नगरपालिकेचा दिवस घ्यावा. १८५० च्या कायद्यान्वये आपल्याकडील पुष्कळ नगरपालिका स्थापन झाल्या, त्यांच्या शताब्द्या १९५० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत होऊन गेल्या आणि काहींनी शताब्दीग्रंथही छापले. ही तारीख कोणा राजाची नाही, कोणा जातीची नाही. दिवाबत्ती, पाणी आणि झाडलोट यांसाठी गावाने एकत्र पैसे भरावयास सुरुवात केली, तो हा दिवस. पट्टी भरणारा प्रत्येक जण तिचा वारस आहे.

आणि कार्यक्रम? कमान आणि ध्वनिक्षेपक यांवर खर्च करण्याआधी नगरपालिकेच्या जुन्या ठरावबुकांचे काय झाले ते पाहावे. ती तळमजल्याच्या ओलीत पडलेली असतील तर प्रथम ती कोरड्या खोलीत आणावीत. मग प्रत्येक पेठेने एक सकाळ घ्यावी आणि इतरांना आपल्या पेठेतून हिंडवावे. पहिला नळ कोठे आला, प्लेगमध्ये वस्ती गावाबाहेर कोणत्या माळावर गेली, पेठेला नाव कशावरून पडले, कोणता रस्ता बुजविलेल्या ओढ्यावरून जातो, एवढे सांगितले तरी सकाळ पुरत नाही. शाळेतील मुलांनी घरच्या आजी-आजोबांना विचारून लिहून आणावे. त्यात चुका असतील. त्या ठरावबुकाशी ताडून पाहता येतात.

पुण्याचेच उदाहरण घ्या. तेथील जुन्या रहिवाशाला शहराचा वाढदिवस विचारा, तो सांगू शकणार नाही. पण १२ जुलै १९६१ म्हणा. पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, तो दिवस. कोणत्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढले, कोणाला कोणत्या शाळेत आसरा मिळाला, कोणता पूल गेला, शेजारच्या कोणत्या घरातून पहिली भाकरी आली, हे तो घड्याळासकट सांगेल. अनेक कुटुंबांत अजूनही गोष्टी पानशेतच्या आधीच्या आणि पानशेतच्या नंतरच्या अशाच मोजल्या जातात. या आठवणींपैकी काही पुस्तकांत आल्या आहेत. बऱ्याचशा आलेल्या नाहीत. त्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत, आणि ज्यांनी त्या रात्री घर सावरले त्यांच्यापैकी फारच थोडी माणसे आता विचारावयास उरली आहेत.